परग्रहावर कशाला जावं लागतं?

प्रश्न : विज्ञानकथांच्या इंग्रजी मालिका मी आवडीनं बघतो. यानं, स्फोट, परग्रहवासी हे सगळं चालू असताना मध्येच कुणाच्या तरी निषिद्ध प्रेमाची, नाहीतर ‘मी बाई की पुरुष’ या पेचाची गोष्ट निघते. घराघरांतले हे विषय सांगायला एवढं लांब कशाला जावं लागतं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जवळ राहून सांगू देत नव्हते म्हणून. अमेरिकेत टीव्हीला पैसा जाहिरातदारांचा आणि प्रक्षेपण गावोगावच्या स्थानिक केंद्रांच्या हातात. भाग खटकला तर केंद्र तो दाखवायचंच नाही. १९६८ साली ‘स्टार ट्रेक’ या अंतराळमालिकेत गोऱ्या कॅप्टन कर्कनं कृष्णवर्णीय उहुराचं चुंबन घेतलं, तेव्हा आंतरवंशीय विवाहांवर बंदी घालणारे कायदे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मोडीत काढून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. तरी लेखकांनी पळवाट ठेवलीच. ते दोघं आपणहून जवळ येत नाहीत. मनोबलानं माणसं नाचवणारे परग्रहवासी त्यांना तसं करायला लावतात. चुंबनही झालं आणि दोषही कुणाच्या माथी नाही!

तुमच्या प्रश्नाला थेट भिडणारा भाग मात्र मार्च १९९२मधला, ‘नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या मालिकेतला. नाव ‘द आउटकास्ट’. जेनाई नावाच्या जमातीत स्त्री-पुरुष हा भेदच उरलेला नाही, आणि स्वतःला बाई किंवा पुरुष समजणं हा तिथे विकार मानला जातो. सोरेन ही जेनाई वैमानिक एका हरवलेल्या यानाच्या शोधात मालिकेतला यान-अधिकारी रायकर याच्याबरोबर काम करते, त्याच्या प्रेमात पडते आणि त्याला सांगून टाकते, की मी आतून बाई आहे. तिच्या शाळेत एक मुलगा होता, आपण पुरुष आहोत असं वाटणारा. पोरं त्याला रोज छळायची. कपडे फाटलेले, अंगातून रक्त. मग त्याला उपचारासाठी नेलं. परत आल्यावर तो सगळ्या शाळेसमोर उभा राहून सांगू लागला, की आता मी बरा झालो, आता मी सुखात आहे. सोरेन हे त्या छोट्या यानात बसून हळू आवाजात सांगते. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या भागातला सगळ्यात अस्सल प्रसंग तोच.

युक्ती उघड आहे. बहुसंख्यांना अल्पसंख्य करून टाकायचं, म्हणजे त्यांना टोचेल. कागदावर ती झकास आहे. पडद्यावर काय दिसतं? जेनाईंच्या भूमिका बायकांनीच केल्या आहेत. म्हणजे आपल्याला दिसतात ते एक बाप्या आणि एक बाई, आणि त्यांच्या आड येणारं जुलमी सरकार. रायकरचं काम करणारा जोनाथन फ्रेक्स नंतर म्हणाला, की सोरेन उघडपणे पुरुषी वाटायला हवी होती, निर्मात्यांनी तेवढी हिंमत केली नाही. त्याचं म्हणणं मला पटतं. समलिंगी प्रेमाला नाकं मुरडणारा प्रेक्षकही हा भाग पाहून ‘बघा, बाईला बाई राहू देत नाहीत’ म्हणत उठू शकतो, आणि त्याचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही. वाचवतो तो शेवट. सोरेनलाही उपचारासाठी नेतात, आणि रायकर तिला सोडवायला पोहोचतो तेव्हा ते होऊन गेलेले असतात. ती शांतपणे सांगते, मी आजारी होते, आता बरी आहे. वर त्याची माफी मागते.

ऑक्टोबर १९९५मधला, ‘स्टार ट्रेक’च्याच ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेचा ‘रिजॉइन्ड’ हा भाग याहून कितीतरी चलाख. ट्रिल जमातीतल्या काहींच्या पोटात एक दीर्घायुषी जीव नांदतो. यजमान मेला की तो आठवणींसकट नव्या यजमानाच्या पोटात जातो. अशाच एका ट्रिल बाईच्या, जॅडझिया डॅक्सच्या आतला जीव पूर्वी एका वैमानिकाच्या पोटात होता. तो वैमानिक अपघातात गेला. त्याच्या बायकोच्या पोटातला जीव आज लेनारा कान या शास्त्रज्ञ बाईकडे आहे. दोघी समोरासमोर येतात आणि जुनं प्रेम उफाळून येतं. पण ट्रिलांचा कायदा बजावतो, की मागच्या जन्मीच्या जोडीदाराशी पुन्हा नातं जोडायचं नाही. आपल्याकडे वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळून जे मागतात, नेमकं तेच तिथे गुन्हा! शिक्षा हद्दपारीची. हद्दपार झालं की पोटातला जीव पुढच्या यजमानाकडे जाऊ शकत नाही. तो शेवटच्या यजमानाबरोबर मरतो आणि साऱ्या जन्मांच्या आठवणीही जातात.

दोघी जेवायला भेटतात तेव्हा लोकांनी बोलू नये म्हणून जॅडझिया डॉक्टर बशीरला सोबत घेऊन जाते. तो बिचारा मध्ये बसलेला आणि या दोघी त्याला विसरून गप्पांत गुंग. कांदेपोह्यांच्या वेळी सोबत पाठवलेला भाऊ ज्यानं पाहिलाय, त्याला हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको. पुढे चुंबन येतं, टीव्हीवर तेव्हा क्वचितच दिसणारं, दोन बायकांचं. आणि अख्ख्या भागात ‘त्या दोघी बायका आहेत’ हे एकही पात्र बोलत नाही. कुणाला तो मुद्दाच वाटत नाही. प्रेक्षक ट्रिलांच्या कायद्यावर चिडण्यात इतका रमतो, की आपण कुणाची बाजू घेऊन बसलो आहोत हे त्याला उशिरा उमगतं. लांब जाण्याचं खरं कारण मला इथे सापडतं. सेन्सॉर चुकवणं हा त्यातला अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे प्रेक्षक सावध होण्याआधी त्याला गाठणं.

पुढे आडपडद्याची गरज उरली नाही. २०१५ साली वाचोव्स्की भगिनींची ‘सेन्सएट’ आली. दोघी स्वतः ट्रान्स. नोमी या ट्रान्स नायिकेची भूमिका जेमी क्लेटन या ट्रान्स अभिनेत्रीनंच केली. नोमीची आई तिला हट्टानं जुन्या, मुलग्याच्या नावानं हाका मारते, आणि रुग्णालयात डॉक्टर तिच्या मेंदूची शस्त्रक्रिया करायला टपलेले असतात. सोरेनचीच भीती, फक्त परग्रहाऐवजी सान फ्रान्सिस्कोत. (याच मालिकेत मुंबईची कला दांडेकर आहे. गणपतीची भक्त, लग्न ठरलेलं, आणि जीव जडलेला बर्लिनमधल्या एका गुंडावर, तेही केवळ मनोमन भेटणाऱ्या. आडनाव दांडेकर, पण सगळं घर इंग्रजीत बोलतं!) २०२० साली ‘स्टार ट्रेक’च्याच ‘डिस्कव्हरी’ या मालिकेत त्याच ट्रिल जमातीतला ग्रे हा ट्रान्स तरुण आला. भूमिका करणारा इयन अलेक्झांडरही ट्रान्सच.

यात सच्चेपणा वाढला, शंकाच नाही. पण मला विचाराल तर एक गोष्ट हातची गेली. ‘सेन्सएट’ कोणाच्या बाजूची आहे ते पहिल्याच भागात कळतं, आणि ज्याला पटत नाही तो तिथेच दुसरं काहीतरी लावतो. ‘रिजॉइन्ड’ बघणाऱ्याला तशी संधी मिळत नव्हती.

आणि सोरेनवरचे उपचार निव्वळ कल्पनेतले समजू नका. ओळख किंवा कल ‘दुरुस्त’ करण्याचा हा धंदा पृथ्वीवर सर्रास चालत आला आहे. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयानं धसास लावल्यावर २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ‘कन्व्हर्जन थेरपी’ हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

बघायचं असेल तर दोन्ही भाग लागोपाठ बघा, आधी ‘द आउटकास्ट’, मग ‘रिजॉइन्ड’. मालिकेची आधीची माहिती नसली तरी अडत नाही. फक्त घरच्यांना आधी गोष्ट सांगू नका.