खेळाचे थेट प्रक्षेपण आणि जुना संगणक : पैसा कोठे घालावा, कोठे घालू नये

हल्ली बऱ्याच घरांतील मुले संगणकावर खेळ खेळतात, तो खेळ ध्वनिचित्रित करतात आणि यूट्यूबवर थेट दाखवतात. आम्ही आधी याकडे रिकामपणाचा उद्योग म्हणूनच पाहिले. परंतु आमच्या भाच्याने यासाठी पैसे मागितले, तेव्हा व्यापारी माणसाच्या सवयीप्रमाणे आम्ही हिशेब मांडायला बसलो. त्यातून जे हाती आले ते वाचक बांधवांपुढे ठेवीत आहोत. मुलगा कोणाच्याही घरचा असो, वडिलांच्या खिशाला हात लागण्यापूर्वी हे माहीत असलेले बरे.

भाच्याचा संगणक २०२० साली घेतलेला. इंटेलचा आय-३ ९१००एफ प्रोसेसर, एच-३१० जातीचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि एकच हार्ड डिस्क. त्या काळी कमी बजेटच्या गेमिंग संगणकांत हा मेळ फार चालला. खेळ नीट चालत होता, पण प्रक्षेपण सुरू केले की बघणाऱ्याला चित्र अडखळत दिसे. दुकानदाराने पाहताच निकाल दिला, "शेठ, यात जान नाही राहिली, पूर्ण मशीन बदला," आणि नव्या संगणकाचा आकडा सांगितला. भाचाही लगेच त्याच्या बाजूने झाला, "मामू, मशीन बदलल्याशिवाय जमायचं नाही."

कापडाच्या धंद्यात गाठ पडली तर आम्ही आधी पाहतो की दोष सुताचा, तान्याचा की यंत्रमागाचा. सरळ माग बदलत नाही. येथेही तेच करावे.

प्रक्षेपणासाठी बहुतेक जण ओबीएस स्टुडिओ वापरतात. हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात आकडेवारी दाखवणारी एक खिडकी असते, तिच्याकडे फार थोडे लोक बघतात. प्रक्षेपणातील चित्रे तीन ठिकाणी गळतात आणि ही खिडकी तिन्ही ठिकाणचा हिशेब वेगवेगळा दाखवते. पहिले, चित्र जुळवताना झालेला उशीर. यात दोष ग्राफिक्स कार्डावरील ओझ्याचा असतो. दुसरे, चित्र आकुंचित करताना, म्हणजे एन्कोडिंगमध्ये, झालेला उशीर. तिसरे, इंटरनेटच्या वाटेवर गळालेली चित्रे. तिघांचे औषध वेगळे. इंटरनेटच्या गळतीवर नवा प्रोसेसर घेणे म्हणजे पाण्याची टाकी फुटली म्हणून नळ बदलणे होय.

भाच्याच्या संगणकावर दहा मिनिटांची चाचणी केली. इंटरनेटची गळती शून्य. एन्कोडिंगमध्ये मात्र शंभरातील वीसहून अधिक चित्रे सुटत होती. कारण सापडायला वेळ लागला नाही. ओबीएसमध्ये एन्कोडर म्हणून एक्स २६४ निवडलेला होता. हे काम प्रोसेसर करतो. आय-३ ९१००एफला चार कोर आहेत आणि चार कोरांनी खेळही चालवायचा, चित्रेही आकुंचित करायची! एकाच कारागिराला विणकाम व रंगकाम एकदमच सांगावे तसा प्रकार.

एनव्हिडियाने २०१२ पासून आपल्या बहुतेक कार्डांत या कामासाठी स्वतंत्र भाग बसवलेला आहे. त्याला एन्व्हेंक म्हणतात. तो निवडला की प्रोसेसर मोकळा होतो आणि खेळाच्या गतीवरही फारसा फरक पडत नाही. भाच्याच्या कार्डात तो होताच. फक्त कोणी चालू केला नव्हता. एक निवड बदलली आणि गळती जवळजवळ थांबली. खर्च शून्य रुपये.

कार्ड विकत घ्यायचेच असेल तर येथे फार गफलत होते, म्हणून थोडे खोलात सांगतो. २०१८ साली एनव्हिडियाने ट्युरिंग पिढीत हा भाग बराच सुधारला. मात्र २०१९ च्या मूळ जीटीएक्स १६५० मध्ये आधीच्या पिढीचाच भाग आहे. १६५० सुपर व १६६० सुपर यांत सुधारलेला आहे. नावात एका शब्दाचा फरक, मालात पिढीचा! एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटी व ६४०० या कार्डांत तर एन्कोडर मुळीच नाही. खेळासाठी ती चालतील, प्रक्षेपणासाठी घेऊ नयेत. जीटी १०३० चेही तेच. इंटेलच्या प्रोसेसरात क्विक सिंक नावाची अशीच सोय असते, पण नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर असेल तर ती मिळत नाही, कारण त्यात अंगभूत ग्राफिक्सच नसतात. हे अक्षर बिलावर बारीक छापलेले असते. चष्मा लावून वाचावे.

आणखी एक मुद्दा विजेचा. १६५० कार्ड ७५ वॅटवर चालते व बहुधा वेगळी वायर मागत नाही, म्हणून कॅबिनेटबरोबर आलेला हलका पॉवर सप्लायही निभावून नेतो. १६६० सुपरला १२५ वॅट व आठ पिनांची वायर लागते. म्हणजे कार्डाच्या किमतीत चांगल्या सप्लायची किंमतही धरावी लागते. २०२४ साली आलेले आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे कार्ड ७० वॅटचे आहे आणि त्यातील एन्कोडर चांगल्या पिढीचा आहे. जुन्या संगणकात कमी उस्तवार करून बसणारे म्हणून आम्हाला ते पसंत पडले. तरीही आम्ही अजून घेतलेले नाही, कारण गरज उरली नाही.

एन्कोडिंगची गळती थांबल्यावर चित्र जुळवण्याची थोडी गळती उरली होती. खेळ जितका पळेल तितका पळू दिला होता. त्यामुळे कार्डात ओबीएससाठी जागाच राहत नव्हती. खेळाला सेकंदाला १२० चित्रांची मर्यादा घातली आणि तीही गळती थांबली. प्रेक्षकाला जातात ६० चित्रे, मग १८० काढून कोणाला दाखवायची?

पैसा दोनच ठिकाणी घातला. ८ जीबी रॅममध्ये विंडोज, खेळ, ओबीएस आणि ब्राउझर एकत्र मावत नाहीत, म्हणून ८ जीबीची दुसरी पट्टी बसवली. दोन पट्ट्या असल्या की काम दुहेरी वाटेने चालते, हा वेगळा फायदा. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकदम भडकले, हे ध्यानात ठेवून चार दुकाने फिरावे. दुसरी वस्तू म्हणजे ५०० जीबीची एसएसडी. विंडोज व खेळ तिच्यावर नेले आणि ध्वनिचित्रणासाठी जुनी हार्ड डिस्क मोकळी ठेवली. त्याचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला २०,००० किलोबिट दराने चित्रण केले तर तासाला सुमारे ९ जीबी भरतात, एवढे लिहिणे हार्ड डिस्कलाही जड नाही. फाइल एमकेव्ही प्रकारात ठेवावी. साध्या एमपी-४ मध्ये चित्रण चालू असताना वीज गेली तर बहुधा सगळी फाइल वाया जाते. एमकेव्हीमध्ये तोपर्यंतचे वाचते आणि नंतर ओबीएसमध्येच तिचे एमपी-४ करता येते.

इंटरनेटबाबत एवढेच की, जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो, आपल्याला हवा अपलोडचा. ६,००० किलोबिटने प्रक्षेपण करायचे तर अपलोड १० मेगाबिट तरी असावे. चाचणी प्रक्षेपणाच्याच वेळी, म्हणजे रात्री आठ-नऊला घ्यावी. दुपारी सगळ्यांचेच इंटरनेट चांगले चालते. वायफायऐवजी वायर जोडावी आणि राउटरही इन्व्हर्टरवर घ्यावा.

आता प्रोसेसरविषयी. सहाव्या-सातव्या पिढीचा इंटेल असेल तर त्यावर पैसा घालू नये, असे आमचे मत आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढच्याच इंटेलला अधिकृतपणे चालते. भाच्याचा नवव्या पिढीचा म्हणून वाचला. त्याच बोर्डावर सहा कोरांचा आय-५ ९४००एफ वापरलेला मिळाल्यास बसेल. एएमडीच्या बी-४५० बोर्डवाल्यांची चैन आहे, बायोस अद्ययावत केले की त्यावर रायझन ५ ५६०० बसतो, सहा कोर व बारा थ्रेड.

राहिला कमाईचा प्रश्न. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे लागते (किंवा लहान व्हिडिओंची वेगळी अट). तेथवर पोहोचण्याआधीच मुलांना पैसे लावून खेळायच्या ॲपची जाहिरात करण्याचे निरोप येतात. भाच्यालाही आला होता, आणि रक्कम त्याच्या वयाला मोठी होती. २०२५ साली संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात अशा खेळांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कायदा नसता तरी जुगाराचा पैसा आपल्याला नको होता. निरोप आमच्यासमोरच पुसला गेला.

सध्या भाच्याची तक्रार आवाजाची आहे. पंख्याची घरघर ऐकू जाते म्हणून महागडा मायक्रोफोन हवा म्हणतो. ओबीएसमध्ये आवाजातील गोंगाट काढणारी गाळणी आहे, ती लावून पाहा, असे सांगितले आहे. तोवर कॅटलॉग आमच्या गल्ल्यात आहे.