आधी हाक, मग टॉर्च

बाय, गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, आयसीयूत ड्यूटी लागलीय तुझी, तर एक गोष्ट पदराला बांधून घे. खाटेवरचा माणूस ओ देत नाही म्हणून त्याला ऐकू येत नाही, असं कधी धरायचं नाही.

हाक त्याच्या बोलीत मार. पेडण्याची आजी असो की डिचोलीचा खाणीवरचा ट्रकवाला, आधी नावाने हाक, मग 'जीब दाखय'. आजीला हिंदीत तारीख विचारलीस आणि ती गप्प राहिली, तर 'गोंधळलेली' म्हणून गुण कापू नकोस. चवथ झाली की व्हायचीय, घरी कोण कोण, हे विचार. कानाचं यंत्र असेल तर आधी लाव. हात दाबायला सांगितलास, तर सोडायलाही सांग. तळव्याला काही लागलं की बोटं आपसूक मिटू शकतात. सांगितल्यावर सोडली, तर समजलं म्हणायचं.

हाकेने काहीच झालं नाही, तरच दुखवायचं. मानेजवळचा खांद्याचा स्नायू चिमटीत धर. छाती घासू नकोस, वळ उठतात.

शुद्ध किती आहे ते गुणांत मोजणारं ग्लासगोचं कोष्टक १९७४ साली टीसडेल आणि जेनेट यांनी दिलं. जास्तीत जास्त १५, कमीत कमी ३. नुसती बेरीज लिहू नकोस. डोळे, बोलणं, हालचाल वेगवेगळं मांड. नळी असेल तर बोलण्यापुढे 'टी' लिही. रक्तातली साखर पाहिली का, झोपेचं औषध किती चालू आहे, तेही शेजारी हवं. शिफ्ट बदलताना दोघींनी खाटेशी उभं राहून एकदा एकत्र तपासा, म्हणजे तिचा ९ आणि तुझा ९ एकच राहील. दोन गुण उतरले की डॉक्टरांना उठवायचं, पहाटेचे तीन का वाजलेले असेनात.

बाहुली बघताना मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का ते विचार. दम्याच्या वाफेतलं इप्राट्रोपियम मास्कमधून डोळ्यात गेलं, तरी एक बाहुली मोठी होते. पण अपघाताच्या रुग्णाची एक बाहुली नव्याने फाकली, बीपी चढतंय, नाडी मंदावतेय, तर डॉक्टरांना बोलवायला थांबू नकोस.

आता मण्यारीचं नीट ऐक. आपल्याकडे अजून कितीतरी माणसं जमिनीवर निजतात. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, चाव्याची खूणही बहुधा सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, श्वास थकतो. इस्पितळात पोचेपर्यंत चावलेला माणूस गाढ बेशुद्ध वाटतो. बाहुल्या फाकलेल्या, उजेडाला न हलणाऱ्या, गुण ३. मेंदू गेला असं वाटावं, आणि आत माणूस पुरता जागा असू शकतो! विषाने स्नायू लुळे पडलेत, तो दाखवणार कशाने?

म्हणून पापणी बोटाने उचल आणि त्याला डोळा हलवायला सांग. मग हाताची बोटं, मग पायाचा अंगठा. बारीकशी हालचालही हिशेबात धर. घरच्यांना विचार, कुठे निजला होता, पोट कधी दुखलं. संशय आला तर डॉक्टरांना लगेच सांग आणि चार्टवर ठळक लिही, म्हणजे त्या गुणांवरून कुणी आशा सोडणार नाही. व्हेंटिलेटरवर दिवस काढून अशी माणसं चालत घरी जाऊ शकतात. सुई टोचण्याआधी, सक्शन करण्याआधी त्याला सांगायचं, आणि त्याच्या उशाशी मरणाच्या गोष्टी कुणालाही बोलू द्यायच्या नाहीत, डॉक्टर असला तरी.