पाच हजार, सहा हजार की अकरा हजार?

प्रश्न : मला तिसरा महिना चालू आहे. आमचं हे पहिलंच बाळ. मी राजगुरुनगरला साड्यांच्या दुकानात कामाला आहे, मालक धरून आम्ही पाच जण. मिस्टर टेम्पो चालवतात. पहिल्या बाळंतपणाला सरकारकडून पैसे मिळतात असं सगळेच सांगतात, पण एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. आशाताई म्हणाल्या पाच हजार, शेजारच्या काकू म्हणतात सहा हजार, नणंद म्हणते अकरा हजार आणि जाऊबाईंच्या हातात तर सातशेच रुपये आले होते. यातलं खरं काय? सातव्या महिन्यात मी माहेरी पाटणला जाणार आहे, तेव्हा पैसे बुडणार तर नाहीत ना? आणि एक उत्सुकता म्हणून विचारते, सरकार हे पैसे देतं तरी कशासाठी?
– एक वाचक, जि. पुणे

उत्तर : ताई, आधी मनापासून अभिनंदन. तुमच्या घरातलं कुणीही खोटं बोललेलं नाही. चारही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत. एकेक करून पाहू.

तुमच्यासाठी मुख्य आकडा आशाताईंचा, म्हणजे पाच हजारांचा. ही प्रधानमंत्री मातृवंदना योजना. पहिल्या बाळासाठी ₹ ५,००० मिळतात आणि ते दोन हप्त्यांत येतात. पहिला हप्ता ₹ ३,०००चा. त्यासाठी शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत गरोदरपणाची नोंदणी आणि निदान एक तपासणी झालेली असावी लागते. दुसरा हप्ता ₹ २,०००चा. तो बाळाची जन्मनोंद झाल्यावर आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावर मिळतो. पूर्वी हेच पाच हजार एक, दोन आणि दोन हजार अशा तीन हप्त्यांत यायचे. १ एप्रिल २०२२पासून नवे नियम लागू झाले, म्हणून जुन्या लाभार्थी बायका अजून तीन हप्त्यांचं सांगतात.

त्याच नव्या नियमांत दुसरी एक तरतूद आली. दुसरं अपत्य मुलगी झाली तर जन्मानंतर एकरकमी ₹ ६,००० मिळतात. पहिल्या बाळाचे पाच आणि दुसऱ्या मुलीचे सहा मिळून अकरा हजार. नणंदेचा आकडा हा असा आला. काकूंचे सहा हजार कुठून आले ते शेवटी सांगते, कारण तुमच्या उत्सुकतेचं उत्तर त्यातच आहे.

राहिले जाऊबाईंचे सातशे. ती जननी सुरक्षा योजना, २००५ साली सुरू झालेली. आपल्या राज्यात दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यावर ग्रामीण भागात ₹ ७०० आणि शहरात ₹ ६०० मिळतात. ही योजना मातृवंदनेपेक्षा वेगळी आहे. तुम्ही त्या गटात बसत असाल तर दोन्ही घ्या, एकीमुळे दुसरी जात नाही.

मी बसते का?

तुम्ही सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातल्या नोकरीत नाही. दुसऱ्या कुठल्या कायद्याखाली पगारी प्रसूती रजा मिळत असेल तर मातृवंदना मिळत नाही, पण तुमच्याकडे तीही नाही. दुकानाला तो रजेचा कायदा लागू व्हायला निदान दहा माणसं कामाला लागतात, तुमच्याकडे पाचच आहेत. म्हणजे ही योजना तुमच्यासारखीसाठीच आहे.

मात्र पात्रतेचा एक पुरावा जोडावा लागतो. अन्नसुरक्षेचं किंवा दारिद्र्यरेषेखालचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान भारत कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड, बाई स्वतः शेतकरी असेल तर किसान सन्मान निधी, किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याचा दाखला, यांपैकी कोणताही एक पुरावा चालतो. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या भगिनींना त्यांचे दाखले पुरतात. अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा यांनाही लाभ आहे.

नव्या सुनेची गाडी बहुतेक वेळा रेशनकार्डावर अडते. माहेरच्या कार्डातून नाव कमी झालेलं असतं आणि सासरच्या कार्डात अजून चढलेलं नसतं. तसं असेल तर ई-श्रम कार्ड काढा. ते असंघटित कामगारांसाठी आहे, फुकट निघतं आणि तुमच्या एकटीच्या नावावर असतं. कुणाच्या कार्डात नाव चढायची वाट पाहावी लागत नाही.

पतीच्या आधार कार्डाची आता सक्ती नाही. एकट्या आणि नवऱ्याने टाकलेल्या बायकांना वाट मोकळी व्हावी म्हणून ती अट काढली आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या ओळखीत अशी बाई असेल तर तिला आवर्जून सांगा.

पैसे कुणाच्या खात्यात?

फक्त तुमच्या. नवऱ्याच्या, सासूबाईंच्या किंवा सासऱ्यांच्या खात्यात हे पैसे जात नाहीत. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेक तक्रारी यातूनच निघतात. पैसे आधार क्रमांकावरून येतात, आणि ज्या बँकेत तुमचं आधार शेवटचं जोडलं गेलं असेल तिथे ते जमा होतात.

माझ्या भाचीच्या वेळचं सांगते. लग्नानंतर सासरच्या गावी तिने नवं खातं उघडलं आणि फॉर्मसोबत त्याच पासबुकाची झेरॉक्स दिली. मग चार महिने दर आठवड्याला पासबुक भरून आणायची. एन्ट्री काही दिसेना. आशाताईंशी दोनदा वाद झाला, घरात बोलणीही बसली की फॉर्मच नीट भरला नसणार. शेवटी मी तिला घेऊन बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलाने आधार नंबर टाकून पाहिला आणि म्हणाला, “तुमचं आधार इथे नाही, दुसऱ्या बँकेत लागलंय.” कॉलेजात असताना शिष्यवृत्तीसाठी माहेरी एक खातं उघडलं होतं, ते ती विसरूनही गेली होती. तिच्या वडिलांनी ते पासबुक भरून आणलं तर पैसे तीन महिन्यांपूर्वीच येऊन पडले होते. ज्या दिवसांत तिला दूध-अंड्यांसाठी हात आखडता घ्यावा लागला, त्या दिवसांत ते पैसे तिच्याच नावावर पडून होते. मला याची अजून हळहळ वाटते.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी बँकेत जाऊन एवढंच विचारा, “माझं आधार कोणत्या खात्याला लागलेलं आहे?” आधारवरचं नाव, पासबुकावरचं नाव आणि दवाखान्याच्या कार्डावरचं नाव अक्षरन् अक्षर एकच आहे का तेही पाहा. एकीकडे माहेरचं नाव आणि दुसरीकडे सासरचं, अशी बहुतेकींची स्थिती असते. ते आत्ता, तिसऱ्या महिन्यात, दुरुस्त होईल. नवव्या महिन्यात त्यासाठी रांगेत उभं राहणं नको.

कधी काय करायचं?

या महिन्यात : उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवा. तिथे माता-बाल संरक्षण कार्ड मिळेल, सगळे त्याला एमसीपी कार्ड म्हणतात. त्यावर शेवटच्या पाळीची तारीख आणि तपासणीची तारीख लिहून घेतल्याशिवाय उठू नका, कारण पुढचे सगळे दिवस त्या तारखेवरून मोजले जातात. योजनेचा फॉर्म आशाताई किंवा अंगणवाडीताई भरून देतात, ऑनलाइन स्वतःही भरता येतो. त्याला एक रुपयाही लागत नाही. “हप्ता पाठवतो, ओटीपी सांगा” असा फोन आला तर तो ठेवून द्या.

चौथ्या महिन्यापासून : दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टरांकडून गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. ती चुकवू नका.

माहेरी निघताना : आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. लेकीला विसावा मिळावा म्हणून ती रीत पडली आणि ती चांगलीच आहे. पण बाई माहेरी जाते आणि कागद सासरीच राहतात. मग बाळ पाटणला, कार्ड राजगुरुनगरला आणि लसींची नोंद कुठेच नाही, असं होतं. ही योजना एका गावाला बांधलेली नाही. राजगुरुनगरची नोंद पाटणला पुढे चालू राहते. एमसीपी कार्ड, आधार आणि पासबुक एका पिशवीत घालून ती पिशवी साड्यांच्या बॅगेत ठेवा. माहेरी पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तिथल्या आशाताईंना कार्ड दाखवा.

बाळंतपणाच्या वेळी : सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे, सिझेरियन झालं तरी. औषधं, रक्त, तपासण्या, साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनमध्ये सात दिवस जेवण, तसंच जाण्यायेण्याची गाडी हे सगळं २०११पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात येतं. गाडीसाठी १०२ आणि जिवावरचा प्रसंग असेल तर १०८, हे दोन नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा.

बाळ झाल्यावर : २१ दिवसांच्या आत जन्मनोंद व्हायला हवी. दवाखाना कळवतो, पण दाखला हातात येईपर्यंत पाठपुरावा आपणच करायचा. जन्मतःच्या लसी आणि मग सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लसी झाल्या, कार्डावर तारखा पडल्या, की दुसऱ्या हप्त्याचं सांगा. काही कारणाने आधी अर्ज राहूनच गेला असेल तर बाळाच्या जन्मापासून २७० दिवसांच्या आत करा, त्यानंतर दार बंद होतं.

आणखी दोन गोष्टी. मुलगी झाली आणि तुमचं रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल, तर राज्य सरकारची ‘लेक लाडकी’ योजना पाहा. १ एप्रिल २०२३पासून जन्मलेल्या मुलींना जन्मल्यावर ₹ ५,०००, मग पहिलीत, सहावीत आणि अकरावीत टप्प्याटप्प्याने, आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ₹ ७५,०००, असे एकूण ₹ १,०१,००० मिळतात. आणि ज्यांच्या घरी नोंदणीकृत बांधकाम कामगार आहेत त्यांनी कल्याणकारी मंडळाकडे चौकशी करावी. तिथे साध्या बाळंतपणाला ₹ १५,००० आणि शस्त्रक्रियेला ₹ २०,००० साहाय्य आहे.

कटू पण सांगायला हवं असं एक. देव न करो, पण गर्भपात झाला किंवा मूल मृत जन्मलं, तर पुढच्या वेळी त्या बाईची नवी लाभार्थी म्हणून नोंद होते. तिचा हक्क संपत नाही. अशा दुःखातल्या बाईला हे कुणी सांगायला जात नाही, म्हणून इथे लिहिते.

सरकार हे का देतं?

तुमचा हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. त्याची मुळं आपल्याच मातीत आहेत. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कारखान्यांतल्या बायकांच्या प्रसूती लाभाचं विधेयक चर्चेला आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं यात देशाचंच हित आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलायला हवा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९मध्ये मुंबई प्रांताचा तो कायदा झाला. देशातला अशा तऱ्हेचा तो पहिला. स्वतंत्र भारतात १९६१ साली देशभरासाठी कायदा आला आणि २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली.

पण ही रजा पगारपत्रकावर नाव असलेल्या बाईला. दुकानात, शेतात, विटभट्टीवर, घरकामाला जाणारीचं काय? तिचा खाडा म्हणजे तिची मजुरी गेली. ही उणीव भरायला २०१०मध्ये निवडक जिल्ह्यांत एक योजना सुरू झाली, आपल्याकडे त्यात अमरावती आणि भंडारा होते. मग २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये देण्याचं वचन दिलं. काकूंचा आकडा हाच. २०१७पासून मातृवंदना योजना देशभर लागू झाली, पण पाच हजारांची. जननी सुरक्षेचे पैसे धरून सरासरी सहा हजार होतात, असा सरकारचा हिशेब आहे.

म्हणजे हे पैसे तुमच्या बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई आहेत, तुम्हाला विसावा मिळावा आणि चांगलं खाता यावं म्हणून. ते पुरेसे आहेत का? मला तसं वाटत नाही. २०२४-२५ साली आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ₹ २९७ होती. त्या दराने पाच हजार म्हणजे जेमतेम सतरा दिवसांची मजुरी होते. पगारी बाईला २६ आठवडे आणि दुकानातल्या बाईला सतरा दिवस, ही तफावत मला बोचते. तमिळनाडूने १९८७पासून स्वतःची मातृत्व योजना चालवली आहे आणि तिथे मदत रोख व पोषणसंच मिळून अठरा हजारांपर्यंत गेली आहे. मग महाराष्ट्रालाही ते जमायला हवं.

तोवर जे आहे ते तरी पूर्ण तुमच्या पदरात पडू दे. पहिले तीन हजार आले की घरात सांगून टाका की हे डोहाळजेवणाच्या किंवा बारशाच्या खर्चातले नाहीत. त्यातून दुधाचा रतीब लावा आणि शेवटच्या महिन्यात दुकानातलं दिवसभराचं उभं राहणं काही दिवस तरी आधी थांबवा. हे पैसे त्यासाठीच दिलेले आहेत.