उमेदवारीची नऊ वर्षे

माणदेश हा महाराष्ट्रातील दुष्काळी मुलूख. सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात, तेथे तो पसरला आहे. पाऊस थोडा, माळरान फार. ज्वारी-बाजरी हे पीक आणि मेंढरे व खिलार जनावरे हे धन. पोटासाठी गाव सोडून जाणे हे येथील माणसांच्या पाचवीलाच पुजलेले. या मुलखातील शेटफळे या गावी, आपल्या आजोळी, १ ऑक्टोबर १९१९ रोजी गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना ‘गदिमा’ या तीन अक्षरांनी ओळखू लागला. गीतरामायणाचे कवी म्हणून त्यांचे नाव लहानथोरांस ठाऊक आहेच. परंतु ज्या उद्योगावर त्यांचा प्रपंच चालला आणि ज्यासाठी त्यांनी आयुष्यभर लेखणी झिजविली, तो उद्योग होता चित्रपटांसाठी कथा, संवाद व गीते लिहिण्याचा. ही विद्या त्यांना कोणत्याही शाळेत शिकावयास मिळाली नाही.

माडगूळकरांचे घराणे माडगुळे या गावचे. वडील दिगंबरपंत औंध संस्थानात कारकुनी करीत. पगार बेताचा आणि खाणारी तोंडे पुष्कळ. त्यामुळे घरात दारिद्र्य पाहुण्यासारखे येत नसे, ते ठाण मांडूनच बसलेले असे. आई बनूताई. जात्यावर बसले की त्यांच्या तोंडून ओव्या सहज उमटत. घरात ओव्या, देवळात कीर्तन आणि भजन, जत्रेत पोवाडा आणि तमाशा. असे शब्दांचे धन मात्र त्या मुलाच्या भोवती रेलचेल होते. आटपाडी, कुंडल आणि औंध येथे गजाननाचे शिक्षण झाले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते, कीर्तनही करीत. राजाच कीर्तनाला उभा राहतो, असे दृश्य त्या काळी दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळाले असते. या साऱ्याचा ठसा त्या कोवळ्या मनावर उमटल्यावाचून कसा राहील?

पण परीक्षेत ओव्या आणि कीर्तने विचारीत नाहीत. मॅट्रिकच्या परीक्षेत गजाननाला गणिताने दगा दिला आणि तो नापास झाला. आज एखादा विद्यार्थी नापास झाला तर त्याला पुन्हा बसता येते, दुसरा मार्ग धरता येतो. १९३७-३८ च्या सुमारास गरीब घरातील मुलाला हे इतके सोपे नव्हते. मॅट्रिकचा दाखला हाती असला तर कोठेतरी कारकुनी मिळे. तो नसला म्हणजे ते दार बंद. पुन्हा फी भरण्याचे घराला बळ नाही आणि मिळविता हात तर लवकर हवा. अशा वेळी या मुलाने कोल्हापूरची वाट धरली.

कोल्हापूरच का? तर त्या काळी कोल्हापूर ही चित्रपटांची पेठ होती. भारतात बोलणारा पहिला चित्रपट ‘आलम आरा’ १९३१ साली झळकला आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला. त्यापूर्वीच्या मूकपटात पात्रे केवळ ओठ हलवीत आणि त्यांचे म्हणणे मधूनमधून पडद्यावर अक्षरांत दाखवीत. बोलपट आला आणि पात्रांच्या तोंडी घालण्यासाठी शब्द हवे झाले, गाणी हवी झाली. म्हणजे बोलपटाचे लेखन हा धंदाच तेव्हा अवघ्या सहासात वर्षांचा होता. त्याचे पाठ्यपुस्तक नव्हते, वर्ग नव्हता, परीक्षाही नव्हती. हिंगोली जिल्ह्यातील साखरा असो की माणदेशातील माडगुळे, अशा गावातून या धंद्याकडे जाणारी आखीव वाट कोठेच दिसत नव्हती. ज्याला तो शिकावयाचा असेल, त्याने स्टुडिओच्या फाटकातून आत शिरावे आणि मिळेल ते काम करावे, एवढाच मार्ग होता. आपल्याकडे सुताराच्या, सोनाराच्या हाताखाली मुले जशी उमेदवारी करतात, तशीच ही उमेदवारी.

मास्टर विनायक हे ‘हंस पिक्चर्स’ या कोल्हापूरच्या चित्रसंस्थेचे नामांकित दिग्दर्शक होते. त्यांच्या ‘ब्रह्मचारी’ या १९३८ सालच्या चित्रपटात माडगूळकरांना एक लहानशी भूमिका मिळाली. आचार्य अत्रे यांनी लिहिलेला हा चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला. त्यातील या नवख्या नटाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नसेल. त्याच सुमारास वि. स. खांडेकर हे थोर कादंबरीकार हंससाठी चित्रकथा लिहीत असत. माडगूळकरांनी काही काळ त्यांचे लेखनिक म्हणून काम केले. खांडेकरांनी सांगावे आणि माडगूळकरांनी ते उतरून घ्यावे.

लेखनिकाचे काम लोकांना हलके वाटते. दुसऱ्याचे शब्द लिहिण्यात आपले काय, असे कोणीही म्हणेल. पण विचार करून पाहिले तर नव्या लेखकाला याहून चांगली शाळा मिळणे कठीण. सांगणारा थांबला म्हणजे लिहिणाऱ्याचा हात थांबतो, पण मन थांबत नाही. आता पुढचे वाक्य कोणते येईल, हे पात्र काय उत्तर देईल, असे ते ताडू लागते. सांगणाऱ्याने आपण योजिल्यापेक्षा निराळेच वाक्य सांगितले, तर ते सरस का, हेही उमगते. खोडलेले वाक्य छापील पुस्तकात दिसत नाही. ते लेखनिकालाच दिसते.

त्यानंतर माडगूळकर ‘नवयुग’ या चित्रसंस्थेत गेले आणि के. नारायण काळे या विद्वान दिग्दर्शकाचे साहाय्यक झाले. येथे त्यांना चित्रपटाची दुसरी बाजू कळली. कागदावरचा प्रसंग छायालेखकापुढे उभा करताना काय काय घडते, कोणता संवाद नटाच्या तोंडात बसतो आणि कोणता अडखळतो, हे साहाय्यकाला रोज पाहावे लागते. १९४२ साली ‘पहिला पाळणा’ आणि ‘भक्त दामाजी’ या चित्रपटांसाठी त्यांनी गीते लिहिली. कवी म्हणून त्यांची ओळख होऊ लागली; परंतु संपूर्ण चित्रपट लिहिण्याचा मान अद्याप दूर होता.

येथे पटकथा म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. कथा, पटकथा आणि संवाद या तीन निराळ्या गोष्टी आहेत. कथा म्हणजे काय घडले ते. संवाद म्हणजे पात्रे काय बोलली ते. आणि पटकथा म्हणजे पडद्यावर काय दिसावे, कोणत्या क्रमाने दिसावे आणि एक प्रसंग दुसऱ्याला कसा जोडावा, याची मांडणी. कादंबरीकार लिहू शकतो, ‘तो शेतकरी फार गरीब होता.’ पटकथाकाराला असे लिहून भागत नाही. छायालेखकाला गरिबी कशी टिपता येणार? त्याला थंड पडलेली चूल दाखवावी लागते, शेवटची भाकरी मुलाच्या पुढे सरकवून पाणी पिऊन उठणारी आई दाखवावी लागते. मनातले सारे डोळ्यांना दिसेल असे करणे, हे त्याचे काम. म्हणून ज्याने माणसे पुष्कळ आणि जवळून पाहिली आहेत, त्यालाच ते साधते. माणदेशातील दारिद्र्याने माडगूळकरांना शाळेच्या दारातून परत फिरविले खरे, पण हे पाहणे त्यांना त्याच दारिद्र्याने शिकविले होते.

१९४७ साली ती वेळ आली. व्ही. शांताराम यांच्या राजकमल या चित्रसंस्थेने पेशवाईच्या अखेरच्या काळातील सोलापूरचे शाहीर रामजोशी यांच्या जीवनावर चित्रपट काढण्याचे ठरविले. कीर्तनकारांच्या घराण्यातला हा ब्राह्मण तरुण तमाशाच्या नादी लागला, घराला मुकला आणि लावणीचा राजा झाला. हे काम कोणाही लेखकाला पेलण्यासारखे नव्हते. कीर्तन आणि तमाशा या दोहोंची भाषा ज्याच्या कानात मुरलेली आहे, असाच माणूस त्याला हवा होता. जात्यावरच्या ओव्या, औंधची कीर्तने आणि जत्रेतील डफ यांचे लहानपणापासूनचे देणे आता कामी आले. ‘लोकशाहीर रामजोशी’ची कथा, संवाद आणि गीते माडगूळकरांनी लिहिली; त्यात भूमिकाही केली. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांचा अभिनय, वसंत देसाई यांचे संगीत आणि माडगूळकरांचे शब्द यांनी लोकांना वेड लावले. ‘ब्रह्मचारी’मधील त्या लहान भूमिकेनंतर नऊ वर्षे लोटली होती.

नऊ वर्षे हा शब्द उच्चारावयास सोपा आहे. पाचव्या इयत्तेतील मूल नऊ वर्षांनी महाविद्यालयात असते. एवढ्या काळात माडगूळकरांनी नट, लेखनिक, साहाय्यक, गीतकार अशी अनेक कामे केली आणि त्यांपैकी एकही काम पुढे वाया गेले नाही. नटाचे काम केल्यामुळे त्यांचे संवाद तोंडात बसणारे झाले. साहाय्यकाचे काम केल्यामुळे, जे चित्रित करता येणार नाही ते ते लिहीत बसले नाहीत.

यानंतर त्यांना कामाची वाण पडली नाही. दिग्दर्शक राजा परांजपे, संगीतकार सुधीर फडके आणि लेखक माडगूळकर हे त्रिकूट मराठी रसिकांच्या घरचेच झाले. ‘लाखाची गोष्ट’ व ‘पेडगावचे शहाणे’ हे १९५२ सालचे आणि ‘जगाच्या पाठीवर’ हा १९६० सालचा, हे चित्रपट या त्रिकुटाचेच. दीडशेहून अधिक मराठी चित्रपटांना माडगूळकरांच्या लेखणीचा हातभार लागला. इतके लिहिणाऱ्याच्या हातून सारेच उत्तम उतरते असे नाही. काही चित्रपट लोक विसरलेही. पण विसरलेल्या चित्रपटातील एखादे गाणे मात्र अजून ओठांवर असते.

त्यांच्या लेखनातील एका चित्रपटाची हकीकत येथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९३९ च्या सुमारास औंध संस्थानाने आटपाडीजवळ एक धाडसी प्रयोग केला. मॉरिस फ्रिडमन या पोलंडमधून आलेल्या अभियंत्याच्या प्रेरणेने तेथे कैद्यांसाठी उघडी वसाहत उभी राहिली. तिचे नाव स्वतंत्रपूर. तेथे उंच भिंती नव्हत्या. गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेल्या माणसांनी शेती करावी, आपल्या विश्वासाला जागावे आणि पुन्हा माणसांत यावे, अशी ती योजना होती. माडगूळकरांच्या गावाच्याच परिसरातील ही गोष्ट. शांतारामांनी १९५७ साली काढलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा हिंदी चित्रपट या प्रयोगावर आधारलेला होता आणि त्याचे लेखन माडगूळकरांनी केले. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक तुरुंगाधिकारी, एवढीच ती कथा. सहा कैद्यांचे बारा हात आणि त्या अधिकाऱ्याचे दोन डोळे! चित्रपटाचे सारे सार नावातच आले. या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात ‘रौप्य अस्वल’ हे पारितोषिक लाभले. दुष्काळी मुलखातील एका वसाहतीची कहाणी अशा रीतीने सातासमुद्रापार पोचली.

पुढे मानसन्मानही आले. १९६९ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १९७३ साली यवतमाळ येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मॅट्रिकला अडलेला विद्यार्थी साहित्यिकांच्या मेळाव्याचा अध्यक्ष झाला, ही गोष्ट त्यांच्या गणिताच्या मास्तरांना कळली असती, तर त्यांना केवढा आनंद झाला असता! १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात माडगूळकरांचे निधन झाले.

पुण्यात त्यांनी ‘पंचवटी’ नावाचे घर केले होते. तेथे थोरामोठ्यांची वर्दळ असे. पण निवांत लिहावयाचे झाले म्हणजे ते माडगुळ्यास येत. गावाबाहेर शेतात पत्र्याचे छप्पर असलेली एक साधी जागा होती. आजूबाजूला ज्वारीची ताटे आणि दूरवर माळ. गावकरी त्या जागेला ‘बामणाचा पत्रा’ म्हणत. शहरातल्या चित्रगृहांत लोकांनी पाहिलेले कितीतरी प्रसंग पहिल्याने कागदावर उतरले ते त्या पत्र्याखाली.