आधी सांगितलं तर कारण, नंतर सांगितलं तर निमित्त

बाळा,

परवा फोनवर "बघू, होईल काहीतरी" म्हणालास, तेव्हाच मला कळलं की हप्त्याचं गणित बिघडलंय. नव्या नोकरीचं पत्र हातात आलं आणि तू उत्साहानं घरकर्जाची मुदत कमी करून हप्ता वाढवून घेतलास. आता कंपनीनं ते पत्रच मागे घेतलं. यात तुझी लबाडी नाही, फक्त घाई झाली.

आमच्या घरी हे 1982 साली झालं. 18 जानेवारीला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लाखो कामगारांबरोबर तुझे काकाही घरी बसले. दिवाळीपर्यंत मिटेल, मागचा पगार मिळेल, म्हणून पतपेढीला आम्ही दिवाळीचा वायदा केला. दिवाळी आली, पगार आला नाही. मग जिन्यात वसुलीच्या माणसाची पावलं वाजली की मी दाराला आतून कडी लावायची. पुढे मीच एका पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. दोन्ही बाजू पाहिल्यात, म्हणून सांगते.

1. हप्त्याची तारीख यायच्या आधी बँकेत जा — आधी सांगितलं तर ते कारण असतं, नंतर सांगितलं तर निमित्त. टेबलामागच्या माणसाला हा फरक तू खुर्चीत बसायच्या आधीच कळतो.

2. तोंडी बोल, पण अर्जही दे आणि आवक शिक्का मारलेली प्रत घरी आण — साहेबाची बदली होते, शिक्क्याची होत नाही.

3. अर्ज एकाच पानाचा असू दे: कोणतं उत्पन्न धरलं होतं, ते का बुडालं, आज हातात किती येतं, आणि किती महिने किती भरशील. सोबत कंपनीचं पत्र आणि बँकेच्या खात्याचा उतारा जोड — रडगाणं सगळेच सांगतात, कागद फार थोडे देतात.

4. हा मंत्र सगळ्यांत मोलाचा. नवा आकडा कबूल करताना आज खात्यात जमा होतंय तेवढंच धर. पुढच्या महिन्यातली मुलाखत, मित्राकडून येणं असलेले पैसे, गावच्या जमिनीचा सौदा, यांतलं काहीही त्यात मिसळू नकोस — न आलेल्या पगारावर पंगत बसवली की पानं मांडलेलीच राहतात. महिन्याला अठरा हजार जेमतेम निघत असतील तर सतरा सांग. एकदा बदलून दिलेला हप्ताही चुकला, तर तिसऱ्यांदा ऐकून घ्यायला कोणी बसत नाही. आम्ही दिवाळीनंतर संक्रांतीचा वायदा केला होता, तिथेच आमचा शब्द संपला.

5. मुदत वाढवून मागण्याआधी कागदावर आकडे मांड. 20 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी असेल, तर 15 वर्षांना हप्ता साधारण 20,285 रुपये, 20 वर्षांना 17,995 आणि 30 वर्षांना 16,092. म्हणजे 15 वरून 20 वर आलास तर महिन्याला सव्वादोन हजारांहून जास्त सुटतात. पण 20 वरून 30 वर गेलास तर जेमतेम एकोणीसशे सुटतात आणि एकूण भरणा जवळपास पावणेपंधरा लाखांनी वाढतो — दोरी लांबवली म्हणून विहिरीला पाणी वाढत नाही. शिवाय हा बदल पतअहवालात कसा नोंदला जाईल, हेही सही करायच्या आधी विचारून घे.

6. दोन-तीन महिने हप्ता थांबवतो असं बँक म्हणाली तर हुरळून जाऊ नकोस — हप्ता झोपला तरी व्याज जागं असतं. 2020 साली करोनात मार्च ते ऑगस्टची सवलत मिळाली होती, तेव्हाही व्याज चालूच होतं. वरच्या हिशेबातल्या 20 लाखांवर महिन्याला 15,000 रुपये व्याज होतं. त्यामुळे जमेल तर निदान व्याजापुरतं तरी भरत राहा.

7. ज्या खात्यातून हप्ता आपोआप कापला जातो, त्यात तारखेच्या दोन दिवस आधी पैसे ठेव — तो परत गेला की दोन्हीकडचा दंड लागतो, आणि 2007 च्या कायद्यानं तो चेक न वटण्याइतकाच गंभीर गुन्हा ठरू शकतो. तशी मागणीची नोटीस आलीच तर 15 दिवसांच्या आत रक्कम भर.

8. भिंतीवरच्या कॅलेंडरवर थकल्याचे दिवस मोज. 90 दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरतं, आणि मग ते पुन्हा नियमित व्हायला एखाददुसरा हप्ता चालत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते — ऐंशीव्या दिवशी भरलेले पैसे शंभराव्या दिवशी भरलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त कामाला येतात.

9. घराचा हप्ता आधी, मग क्रेडिट कार्ड, बाकीचं त्यानंतर. कार्डावर "किमान रक्कम" भरून समाधान मानू नकोस — उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास व्याज चढतं.

10. हप्ता भरायला मोबाईलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपला हात लावू नकोस — गळक्या माठाखाली दुसरा गळका माठ ठेवून पाणी साठत नाही.

11. सोनं गहाण ठेवायचं तर सोडवायची तारीख आणि पैसा कुठून येणार, हे दोन्ही ठाऊक असेल तरच ठेव. नसेल तर सरळ थोडंसं विक — विकलेला दागिना एकदाच रडवतो, गहाण पडलेला दर महिन्याला. माझ्या पाटल्या दीड वर्ष गहाण होत्या. व्याज भरलं आणि शेवटी पाटल्याही गेल्या.

12. पतसंस्थेचं कर्ज असेल तर जामीनदाराला आजच सांग, वसुलीवाला त्याच्या दारात जायच्या आधी. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेनं सहकार कायद्याच्या कलम 101 चा दाखला काढला, तर त्याच्या पगारातूनही वसुली लागू शकते — कर्ज फिटतं, पण न सांगितल्याची सल भावकीत राहते. माझ्या टेबलापुढे सख्खे मावसभाऊ एकमेकांकडे न बघता बसलेले मी पाहिलेत. त्यांतल्या कितीतरी जणांचं भांडण पैशाचं नव्हतंच, "मला आधी का नाही सांगितलंस" एवढंच होतं.

13. लहानपणी तू प्रगतिपुस्तक गादीखाली लपवायचास, आठवतंय ना? बँकेची पाकिटं तिथे ठेवू नकोस — बंद पाकीट आतल्या आत वाढत असतं. एनपीए झाल्यावर 2002 च्या कायद्याखाली नोटीस येते, तिच्यात 60 दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत तू लेखी म्हणणं दिलंस, तर बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. पाकीट उघडलंच नाही तर हे साठही दिवस फुकट जातात.

14. वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर आले, कोणी शिवीगाळ केली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं, तर तारीख-वेळ लिहून ठेव आणि बँकेकडे लेखी तक्रार दे. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही. पतसंस्थेची तक्रार मात्र सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात — देणेकरी असलास तरी तुझी अब्रू तारण ठेवलेली नाही. आणि फोन करणाऱ्याशी तू नीट बोल. तोही कोणाच्या तरी घरचा पगार कमावतोय.

15. कोणी एकरकमी तडजोडीची रक्कम सुचवली तर आधी पत्र, मग पैसे. पतअहवालात "सेटल्ड" आणि "क्लोज्ड" हे दोन वेगळे शेरे आहेत — पहिल्यानं पुढचं कर्ज अवघड होतं. पूर्ण फेड शक्य असेल तर थोडं थांबूनही तीच कर.

16. घरात सांग. सूनबाईला तर आजच, आणि मुलांना त्यांच्या वयाला झेपेल एवढं — एकट्यानं उचललेली घागर वाटेतच हिंदकळते. काकांनी मला सहा महिने खरा आकडा सांगितला नव्हता. कळला त्या दिवशी मी शिवणाचं यंत्र बाहेर काढलं. सहा महिने आधी कळता, तर सहा महिने आधी काढलं असतं.

संपानंतर काका ज्या गिरणीत होते ती पुन्हा नीट चाललीच नाही. तरी पतपेढीचं कर्ज आम्ही पाच वर्षांत फेडलं, तेही ज्या दिवशी मी कडी काढून त्या माणसाला आत बोलावलं आणि महिन्याला किती जमेल तो खरा आकडा सांगितला, त्या दिवसापासून. त्यानं पाणी मागितलं, वही उघडली आणि तेवढाच आकडा लिहून घेतला.

तुझा हप्ता पाच तारखेला आहे. एक तारखेला सकाळी बँक उघडताच अर्ज घेऊन जा. एकट्याला जड वाटत असेल तर मला फोन कर, मी बरोबर येईन.

तुझी,
मावशी