वातींचा कापूस कानात

अगं, तुझा काल रात्रीचा तो लांबलचक मेसेज वाचला आणि आधी पोटभर हसले. रागावू नकोस, तुला नाही हसले. ‘ताई, बापलेकीला वेड लागलंय, सिंगापूरच्या फॉर्म्युला वनची तिकिटं काढून बसलेत, वन्संनी खोलीसुद्धा आवरून ठेवलीय, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तीन दिवस मी तिथे बसून करू काय?’ हे असंच रडगाणं २०११ साली मी आईला फोनवर ऐकवलं होतं. तेव्हा आम्ही नोएडात होतो आणि ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत होणार होती. आई म्हणाली, ‘जा, टोपी घाल आणि पाणी पी.’ आईचे सगळे सल्ले या दोन गोष्टींत संपतात.

माझी फजिती आधी ऐक, म्हणजे तुला धीर येईल. नवरा आठवडाभर मागे लागला होता, कानात घालायचे बोळे घे म्हणून. मला वाटलं, गाड्यांचा आवाज तो काय, रोज रस्त्यावर ऐकतोच की. स्टँडमध्ये बसलो. लांबून कुठूनतरी बारीक किंकाळी आल्यासारखं झालं आणि पुढच्या क्षणी समोरून काहीतरी हवा फाडत गेलं. खरं सांगू का, मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली. तेव्हाची इंजिनं आठ सिलिंडरची, मिनिटाला १८,००० फेरे घेणारी. पर्समध्ये चाचपलं तर देवघरासाठी घेतलेला वातींचा कापूस सापडला. तो दोन्ही कानांत खुपसून मी सगळी शर्यत बघितली. फोटो आहेत, पण मागितलेस तरी दाखवणार नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी कसली. गाड्या ओळीने निघाल्या, मी उठून उभी राहिले, टाळ्या पिटल्या, ओरडले. एक फेरी मारून सगळ्या परत येऊन आपापल्या जागी मुकाट उभ्या राहिल्या. मी विचारलं, ‘संपली? कोण जिंकलं?’ पुढची अख्खी रांग मागे वळली. ती नुसती टायर गरम करायची फेरी असते गं. खरी शर्यत त्यानंतर, पाच लाल दिवे एकेक करून लागतात आणि एकदम विझतात तेव्हा. त्या वेळी फोन पर्समध्ये ठेव. मी व्हिडिओ काढायला गेले आणि माझ्याकडे आजही एका काकांच्या टकलाचं उत्तम चित्रीकरण आहे.

आता तुझी खरी काळजी. आपल्याला कळलं नाही तर? बघ, घरी टीव्हीवर शर्यत जास्त कळते, हे मी तुला लिहून देते. तिथे सगळी वळणं दिसतात, कोण कितवा ते दिसतं, कोणीतरी सतत समजावून सांगत असतं. प्रत्यक्ष जाशील तर तुझ्या वाट्याला पाच किलोमीटरच्या ट्रॅकचा शे-दोनशे मीटरचा तुकडा येणार. पण मला सांग, लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाची मिरवणूक आपण काय मंडईपासून नदीपर्यंत बघतो का? एक चौक धरायचा आणि उभं राहायचं. ढोल लांबून ऐकू येतो तेव्हा छान वाटतं, आणि पथक समोर आलं की तो छातीत वाजायला लागतो. टीव्हीवरच्या मिरवणुकीत तेवढं एक नसतं. शर्यतीचंही तसंच. सगळं बघायचा हट्ट सोडलास की निम्मा ताण इथेच संपला.

मिळालेला तुकडा मात्र नीट बघायचा. नवशिक्या बाईला वाटतं, सरळ रस्त्यावर बसावं, तिथे वेग जास्त. तिथे मान मोडते नुसती, गाडी आली म्हणेपर्यंत गेलेली असते. वळणाजवळ बस, जिथे ब्रेक लागतो तिथे. तुमची तिकिटं पहिल्या वळणाजवळची आहेत ना? मग जावईबापूंनी डोकं चालवलंय, पण मी असं म्हटलं म्हणून सांगू नकोस. तीनशेच्या आसपास वेगाने आलेली गाडी शंभरेक मीटरच्या आत अशी आवळते की बघणाऱ्याच्याच पोटात खड्डा पडतो. आणि ही रात्रीची शर्यत. २००८ साली सिंगापूरने फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत भरवली, तेव्हापासून झगझगीत दिव्यांखाली ती होते. अंधारामुळे ब्रेकच्या तबकड्या निखाऱ्यासारख्या लाल झालेल्या कधीकधी दिसतात, आणि गाडीचं पोट रस्त्याला घासलं की मागे ठिणग्यांची फुलबाजी. जळक्या रबराचा वास येईल. मला तो पहिल्या दिवशी नकोसा झाला होता आणि तिसऱ्या दिवशी मी तो मुद्दाम हुंगत होते.

एकाच रंगाच्या दोन-दोन गाड्या बघून गोंधळशील, कारण प्रत्येक संघाच्या दोन असतात. चालकाच्या डोक्यावर जो छोटा कॅमेरा असतो ना, तो एका गाडीवर काळा आणि दुसरीवर झगझगीत पिवळा असतो. टायरच्या कडेचा रंग बघ: लाल म्हणजे मऊ, पिवळा मध्यम, पांढरा कडक. मऊ टायर चिकटून पळतो पण लवकर झिजतो, आपल्या मऊ भाकरीसारखं, गरम असते तोवरच मजा. कोरड्या शर्यतीत किमान दोन प्रकारचे वापरावेच लागतात, म्हणून सगळे मधेच पिटमध्ये शिरतात. चारही चाकं दोन-अडीच सेकंदांत बदलून होतात. आपल्याकडे पंक्चरवाला तेवढ्यात ‘बसा ताई’सुद्धा म्हणत नाही. हे सगळं लेकीला आधी सांग, म्हणजे ती बाबांना प्रश्न विचारत बसेल आणि तुला शांत बसता येईल.

आणि एक चालक आपला धर. पहिला असलेला नको, तो पुढे एकटाच पळतो. मी २०११ला नारायण कार्तिकेयन धरला होता. गाडी बिचाऱ्याची हळू, तो आला सतराव्या नंबरावर. पण प्रत्येक फेरीला तो वळणावर दिसला की आमचा स्टँड उठून ओरडायचा, आणि मधल्या दीड मिनिटात मी जीव मुठीत धरून बसायचे, आता येईल की नाही म्हणून. पुढे व्हेटेल जिंकतोय याकडे माझं लक्षही नव्हतं. शेवटी चौकटीचा झेंडा दाखवला आपल्या सचिन तेंडुलकरने, आणि तो मी पाहिला मैदानातल्या मोठ्या पडद्यावर. सचिन इतक्या जवळ असून पडद्यावर! आईला अजून हे पटत नाही.

आता बांधाबांध. कानातले फोमचे बोळे घे, दोन जोड्या जास्तीच्या. नुसते टेकवायचे नाहीत. चिमटीत वळून वातीसारखे बारीक करायचे, कान जरा वर ओढायचा, आत सारायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. लेकीला मोठे, अख्खा कान झाकणारे कर्णरक्षक घे आणि घरी दोन दिवस घालून बसव, नाहीतर तिथे रडारड. २०१४ पासून इंजिनं सहा सिलिंडरची झाली, आवाज पूर्वीपेक्षा बराच खाली आलाय, जुने शौकीन त्यावर हळहळतात. पण म्हणून कान उघडे ठेवायचे नाहीत. पहिली एखादी फेरी मात्र तू बोळे काढून ऐक. गाडी येताना आवाज चढत येतो आणि समोरून गेली रे गेली की धपकन खाली उतरतो, ते एकदा तरी मोकळ्या कानांनी अनुभवायला हवं.

कपडे सुती. नवे बूट नकोत, हे मी पायाला आलेल्या फोडांच्या अनुभवावरून सांगतेय. तिथे रात्रीसुद्धा अंगाला घाम चिकटतो. चालकांचं शर्यतीत घामाने दोन-तीन किलो वजन उतरतं म्हणतात. (माझ्या मनात लगेच काय आलं ते तुला कळलं असेलच. पण मी तिथे बसून आइस्क्रीम खाल्लं तर उतरणार कुठून.) पाऊस कधीही येईल. छत्रीने मागच्याचं दिसणं बंद होतं, म्हणून घडीचे प्लॅस्टिकचे रेनकोट घे. पाणी घोट घोट पीत राहा, आणि पडद्यावर शर्यत सुरू व्हायला अर्धा तास उरलाय असं दिसलं की लेकीला आधी बाथरूमला नेऊन आण. यावर चर्चा नको. २०१७ साली तिथेच ओल्या रस्त्यावर दिवे विझल्याबरोबर दोन फेरारी आणि वेरस्टॅपेन या चालकाची गाडी एकमेकांवर आदळल्या, काही सेकंदांत तिघांची शर्यत संपली. त्या वेळी जे रांगेत उभे होते त्यांचं काय झालं असेल याचा विचार कर.

शुक्रवारी सराव असतो, तो चुकवू नकोस. त्या दिवशी गर्दी बेताची असते आणि तुझी नजर वेगाला सरावते. पहिल्या दहा मिनिटांत नुसते रंग दिसतात, तासाभराने तुला चालकाचं हेल्मेट दिसायला लागेल. सरावाला गमतीही होतात. नोएडाला चक्क कुत्रा ट्रॅकवर आला होता आणि सराव थांबवावा लागला. आम्हा भारतीयांची मान खाली. मग २०१६ला सिंगापुरात वेरस्टॅपेनच्या वाटेत भलीमोठी घोरपड आली, तेव्हा कुठे मला हायसं वाटलं. लेकीला हे सांग, ती तीन दिवस घोरपडच शोधत बसेल.

मधल्या रिकाम्या वेळात पाडांगच्या मैदानाकडे चक्कर मार. हा ट्रॅक एरवीच्या रहदारीच्या रस्त्यांचाच, त्यामुळे चर्च, पूल, जुना सिटी हॉल, सगळं कुंपणापलीकडे दिसतं. याच पाडांगवर जुलै १९४३मध्ये नेताजींनी आझाद हिंद सेनेची मानवंदना घेऊन ‘चलो दिल्ली’ची हाक दिली होती. तुझ्या सासऱ्यांना तिथला फोटो पाठव. तिकिटांच्या किमतीवरून फुगून बसलेत ना, थोडे विरघळतील.

कंटाळा येईल का? येईल. मधल्या वीसेक फेऱ्यांत काहीच घडत नाही असं वाटतं, तेव्हा वन्संनी दिलेला चिवडा काढ, तिथल्या नियमात बसत असेल तर. पण उठून जाऊ नकोस. भिंती इतक्या जवळ असतात की कोणीतरी धडकतोच. २०२३ पर्यंत तिथली एकही शर्यत सेफ्टी कारशिवाय पार पडली नव्हती. धडक झाल्यावर ती गाडी पुढे आली की सगळे तिच्यामागे एकामागोमाग गोळा होतात आणि तासाभराची आघाडी पुसली जाते. संपल्यावरही लगेच पळू नकोस. २०१३ला आम्ही परत बुद्ध सर्किटवर गेलो तेव्हा गर्दी टाळायला मी नवऱ्याला ओढत बाहेर काढत होते. तेवढ्यात चौथ्यांदा जगज्जेता झालेल्या व्हेटेलने मुख्य रस्त्यावर गाडी गरगर फिरवून धुराचे लोट काढले, खाली उतरला आणि गुडघे टेकून गाडीला नमस्कार केला. आपण दसऱ्याला करतो तसा, फक्त झेंडूशिवाय. या थेरांबद्दल त्याच्या संघाला दंड झाला. आणि मी जिन्यात होते गं! नवरा आजही भांडणात हे काढतो.

शर्यत रविवारी तिथल्या आठला, म्हणजे आपल्याकडे साडेपाचला. मी चहा घेऊन टीव्हीसमोर असेन. शुक्रवारी पहिली गाडी समोरून गेली की मला मेसेज कर. आवाज रेकॉर्ड करून पाठवू नकोस, फोनमध्ये तो मिक्सरसारखाच येतो. तू खुर्ची धरलीस की नवऱ्याचा हात, तेवढंच लिही.