नुसती जिद्द शिकवू नकोस

चि. मृणाल हिस,


तुझं पत्र पोचलं. शनिवारी नववीच्या मुलांना ‘लायनहार्ट’ हा नायजेरियन चित्रपट दाखवायचं तू ठरवलंस, याचा आनंद वाटला. अवश्य दाखव. घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावा असाच तो आहे. फक्त शेवटी फळ्यावर ‘प्रयत्नांती परमेश्वर’ लिहून मुलांना घरी पाठवू नकोस. त्याच्या जमेच्या आणि उणिवेच्या, दोन्ही बाजू त्यांना दिसू देत.

जेनेव्हीव्ह नाजी ही तिथली आघाडीची अभिनेत्री. २०१८ सालचा हा तिचा दिग्दर्शनातला पहिला चित्रपट. अदाएझेची मुख्य भूमिकाही तिचीच. एनुगू शहरात अदाएझेच्या वडिलांची बस कंपनी आहे. ते आजारी पडतात, आणि इतकी वर्षं राबलेल्या मुलीऐवजी कारभार सोपवतात गॉड्सविलकाकांवर. त्यात कंपनीवर मोठं कर्ज असल्याचं उघड होतं.

चित्रपटाचं खरं बळ इथे आहे. अदाएझे दुखावते, पण रुसून बसत नाही आणि काकांचे पायही ओढत नाही. काकाही खलनायक निघत नाहीत. एनकेम ओवो यांनी रंगवलेला हा गमत्या माणूस व्यवहाराला पक्का आहे, आणि हळूहळू काका-पुतणीची जोडी जमते. जिद्द म्हणजे दातओठ खाऊन एकट्यानं लढणं, असं या वयात वाटतं. न पटलेला निर्णय झाल्यावरही त्याच माणसांबरोबर मन लावून काम करणं त्याहून अवघड. ते मुलांना इथे बघायला मिळेल.

पुढे उत्तरेतल्या कानोच्या उद्योगपतीशी, मायकानोंशी, अदाएझे सफाईनं हौसा भाषेत बोलू लागते आणि बैठकीचा नूरच पालटतो. तिथे चित्रपट थांबव आणि नकाशा उघड. एनुगू आग्नेय भागातलं, इग्बो लोकांचं. कानो हौसा मुसलमानांचं. १९६७ ते १९७० या काळात बियाफ्राचं यादवी युद्ध पेटलं, तेव्हा एनुगू ही नायजेरियातून फुटून निघालेल्या, इग्बोंच्या बियाफ्राची पहिली राजधानी होती. एवढं कळलं की या दोन घराण्यांनी हात मिळवणं नुसता धंद्याचा व्यवहार राहत नाही.

आता उणिवा. ‘सिनेमा संस्कारी आहे, मग चालायचंच’ अशी सवलत देऊ नकोस. कंपनी गिळायला टपलेला इग्वे पास्कल एकरंगी झाला आहे. अडचणी येतात तशा झटपट सुटतात, आणि अदाएझेला कशाचीच कायमची किंमत मोजावी लागत नाही. यादवीच्या ज्या जखमेमुळे कानोच्या उद्योगपतीचा प्रसंग मोठा ठरतो, तिला चित्रपट बोटही लावत नाही. शिवाय ती मालकाची मुलगी. कंपनी गेली असती तर बस चालवणाऱ्यांचं काय झालं असतं, याचा विचार फारसा दिसत नाही. तुझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील ट्रकवर आहेत. हा प्रश्न त्यांनाच विचार. उत्तरं तुझ्या-माझ्यापेक्षा नेमकी येतील.

आफ्रिकेतला सिनेमा इंग्रजीत कसा, असंही कुणी विचारेल. त्या देशात पाचशेच्या आसपास भाषा आहेत आणि इंग्रजी ही राजभाषा आहे, हे सांग. नायजेरियानं ऑस्करसाठी पाठवलेला हा पहिला चित्रपट, पण इंग्रजी संवाद जास्त म्हणून २०१९ मध्ये तो आंतरराष्ट्रीय चित्रपटांच्या स्पर्धेतून बाद झाला. हा न्याय झाला का, यावर वर्गात वाद होऊ दे. मात्र ‘आवडला’ किंवा ‘नाही आवडला’ एवढ्यावर कुणाला सोडू नकोस. कुठल्या प्रसंगामुळे, ते सांगायला लाव.

मृणाल, जिद्द असली की सगळं मिळतं, हे आश्वासन मुलांना देऊ नये. ते खोटं ठरलं की मूल स्वतःलाच दोष देतं. अदाएझेजवळ जिद्दीखेरीज आणखी काय होतं, याची यादी मुलांकडून करून घे: शिकलेली परकी भाषा, काकांचा अनुभव, घरच्यांचं प्रेम, गाठीचा पैसा. मग यातलं काय आपल्याला कमावता येईल आणि काय एकमेकांना देता येईल, ते बोला. पैसा तू देऊ शकणार नाहीस. भाषा मात्र देऊ शकतेस, आणि पडत्या काळात पाठीशी उभं राहणारं माणूसही होऊ शकतेस. ते अंग चोरून करू नकोस.

तुझी,
आत्या